कंडम कंपनीचं इंजिन

४ ऑक्टोबर १९५८, माले

आज पौडला लिलावात इंजिन घेतलं, म्हणून ही वही काढली. उद्योग सुरू करणाऱ्या माणसाने टिपण ठेवावं. पुढे नातवंडांना दाखवता येईल.

रस्त्याचं काम संपलं, ठेकेदाराने तळ हलवला आणि उरलंसुरलं सामान पौडच्या माळावर विकायला मांडलं. लोक घमेली, पहारी आणि फाटक्या तंबूंवर तुटून पडले होते. मी मात्र एका इंजिनापाशी जाऊन उभा राहिलो तो हललोच नाही. दोन बाजूंना दोन चाकं, छातीपर्यंत येतील एवढी, आणि मधे काळंकभिन्न धूड. पाण्याच्या टाकीवर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं ठसठशीत लिहिलेली. मला इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ओळखता येतात, एकत्र आली की ती माझं ऐकत नाहीत. मी त्यांच्यावर बोट ठेवून ठेकेदाराच्या कारकुनाला विचारलं, हे काय? तो विडी पेटवत होता. मान वर न करता म्हणाला, "कंडम."

तिथेच माझं ठरलं. कंडम हे कंपनीचं नाव मी आजवर ऐकलं नव्हतं, म्हणजे माल सरसकट मिळणारा नाही. शिवाय एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव घालायला कंपनीची छाती पाहिजे. मी बोली लावली आणि माझ्यावर चढवायला एकही माणूस पुढे आला नाही. तालुक्यात यंत्रातलं कळणारे किती थोडे आहेत याचं वाईट वाटलं. कारकुनाने तर माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला.

घरी स्वागत वेगळंच झालं. माझ्या लेकीच्या, रत्नाच्या आईने, म्हणजे आमच्या रंभाबाईने, उंबऱ्यातूनच विचारलं की पितृपक्षात लोखंड घरात आणायची दुर्बुद्धी कुठून झाली. तिला नवीन काही सोसत नाही. जात्यावर दळून हाताला घट्टे पडलेत ते चालतं. मी सांगितलं की आता माल्यात गिरणी येणार, दळणाची पाटी डोक्यावर घेऊन पौडला जाणं संपलं. ती म्हणाली, बघू.

९ ऑक्टोबर

इंजिन बैलगाडीतून आलं. येताना ओढ्यात रुतलं, पण नाव घेण्यासारखं काही मोडलं नाही.

ते चालवायला भैरूला बोलावलं आहे. माझी चुलत बहीण सारजाबाई ताम्हिणीकडे दिलेली, तिचा हा मुलगा. ठेकेदाराच्या तळावर हेच इंजिन त्याच्या हाताखाली होतं. पोरगा तरतरीत आहे, जमीन म्हणाल तर भाताचं एक खाचर, तेही डोंगराच्या कुशीला.

मी त्याला विचारलं, कंडम कंपनीची आणखी कुठली यंत्रं पाहिलीस? त्याला एकदम ठसका लागला. रत्ना पाणी घेऊन आली. तिने काय झालं विचारलं, त्याने हळूच काहीतरी सांगितलं, तर तिलाही तसाच ठसका. हवा बदलली आहे. दोघांना तुळशीचा काढा द्यायला रंभाबाईला सांगितलं.

दसरा

आज इंजिनाची पूजा. सगळं गाव लोटलं होतं. झेंडूच्या माळा घातल्यावर ते धूड नवऱ्यामुलासारखं दिसू लागलं. नारळ हातात घेतला एवढ्यात भैरू जवळ येऊन म्हणाला, "मामा, त्या नावाचं येक बोलायचं व्हतं." मी म्हटलं, नारळ फुटल्यावर बोल. मग मी चार शब्द बोललो. कंडम ही विलायतेतली फार जुनी आणि नामांकित कंपनी असून तिचा माल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, असं सांगितलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण तसं असल्याशिवाय नाव झालं नसतं.

भैरूने हॅन्डल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धूर सोडला आणि मग फुक-फुक सुरू झालं ते थेट वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. पहिलं पीठ पडलं तेव्हा माझे डोळे भरून आले. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. सगळं झाल्यावर भैरूला विचारलं, काय बोलायचं होतं? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मामा. काय न्हाई येवढं."

३ नोव्हेंबर

गिरणीला पाटी पाहिजे म्हणून पौडला अल्लाबक्षकडे गेलो. अल्लाबक्ष माझा जुना दोस्त. सायकलचं दुकान आहे आणि अक्षर मोत्यासारखं. त्याला मजकूर सांगितला, 'श्री भैरवनाथ कंडम गिरणी'. त्याने कुंचला खाली ठेवला.

"असंच लिवायचं?"

मी म्हटलं, असंच.

"घरात इचारलंस?"

घरात कशाला विचारायचं? घरात इंग्रजी कोणाला येतं? त्याने दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं बाबा. रंग माजा, अक्कल तुजी." पाटी मात्र अशी सुरेख काढली आहे की पौडातले लोक दुकानात येऊन येऊन बघून गेले. एक कचेरीतला कारकून तर बघता बघता पायरीवरच बसला. चांगल्या अक्षराची कदर असते एकेकाला.

२१ नोव्हेंबर

भाताच्या झोडपणीमुळे आठवडाभर वही उघडली नाही.

गिरणीने गावाची बोलीच बदलली. आधी बायका पिठाला कंडम म्हणू लागल्या. बोटांत घेऊन चोळायचं आणि म्हणायचं, कंडम पडलंय गं. मग ते सगळीकडे गेलं. काल धोंडाबाई नव्या लुगड्याचा पदर दाखवत होती, कसा कंडम हाय बगा. परवा तालमीत एकाने दुसऱ्याला आस्मान दाखवलं तर पोरं ओरडली, कंडम गडी. आपल्यामुळे एखादा शब्द गावात रुजावा यासारखं समाधान नाही.

६ डिसेंबर

भिकूची तक्रार आहे. त्याने पौडच्या बाजारात खोंड विकायला नेलं. जनावर खरोखर देखणं, शिंगं रंगवलेली. हा दिवसभर ओरडत उभा, कंडम खोंड, घ्या कंडम खोंड. एक जण फिरकला नाही. संध्याकाळी एक माणूस आला आणि फक्त कातड्याचा भाव विचारून गेला. भिकू खोंड घेऊन परत आला आणि माझ्या ओट्यावर बसून पौडच्या लोकांना शिव्या देत होता. मी त्याला समजावलं की बाजारातल्या लोकांना अजून कंडम म्हणजे काय ते पोचलेलं नाही, वेळ लागेल.

१८ डिसेंबर

विकास खात्याचे एक साहेब जीप घेऊन आले होते. गिरणीपाशी थांबले, पाटी वाचली आणि मला विचारलं, हे कोणी लिहिलं? मी नमस्कार करून सांगितलं, मी. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग सरपंच त्यांना गाव दाखवायला घेऊन गेले. शाळेपाशी येऊन सरपंच मोठ्या अभिमानाने म्हणाले, "सायेब, आमची शाळा बगा. पार कंडम हाय. हिच्यावानी कंडम शाळा खोऱ्यात दुसरी न्हाई." साहेब आत गेले, आढ्याकडे बघितलं, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, तुम्ही खरं बोललात याचा आनंद वाटतो, नव्या छपराची शिफारस करतो. काही न मागता साहेबाने छप्पर द्यावं, असा दिलदार अधिकारी आमच्या पाहण्यात नाही.

२७ डिसेंबर

रंभाबाईने आज मला जेवताना धरलं. म्हणाली, "त्या तुमच्या शबुदाचं मला कायतरी सांगायचंय." मी म्हटलं, कंडमचं? ती म्हणाली, व्हय, त्याचा अर्थ. मला हसू आलं. आयुष्यात एक इंग्रजी अक्षर न गिरवलेल्या बाईने मला अर्थ सांगायचा! मी तिला म्हटलं की तू तुझ्या लसणीच्या चटणीचा अर्थ सांग, इंग्रजीचं मी बघतो. तिने माझ्या ताटात आणखी चटणी वाढली. चटणी फार तिखट होती.

भैरू दिवसातून चार-पाच वेळा पाणी प्यायला घरी येतो. इंजिनापाशी उष्मा फार.

११ जानेवारी १९५९

मोठी बातमी. पौडचे नथूराव आज रत्नाला बघायला आले होते. पेठेत कापडाचं दुकान, दुमजली घर, दारात आड. पहिली बायको गेली तिला वर्ष झालं. थोरला मुलगा रत्नाच्या वयाचा आहे, म्हणजे रत्नाला घरात सोबत. नथूराव माझ्याहून दोन वर्षांनीच लहान, त्यामुळे बोलणं सोपं जातं. पान खलबत्त्यात कुटून खातात, खानदानी पद्धत आहे. जिना नको म्हणून खालीच झोपतात, यावरून माणूस साधा दिसतो. बोलताना मधे मधे थांबून दम घेतात, त्यामुळे शब्दाला वजन येतं.

मी सगळं बघितलं. रत्ना पौडात राहील, ओढ्यावरून हंडे वाहायला नकोत, चिखलात भातलावणी नको. माझी एकुलती एक लेक आहे. तिला सुखात बघायचं एवढंच माझ्या मनात आहे, आणि नथूराव गिरणीत भात भरडायचं यंत्र घालून देतो म्हणाले ते निराळं.

तरी मी जुन्या वळणाचा बाप नाही. पाहुणे गेल्यावर रत्नाला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, पाव्हणं कसं वाटलं? तुझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. ती बराच वेळ अंगठ्याने सारवण उकरत होती. मग म्हणाली,

"कंडम हायेत, आबा."

मी पुन्हा विचारलं, नक्की? ती म्हणाली, "नक्की. पार कंडम."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पोरीच्या तोंडून एवढी पसंती आली, आता मागे कशाला बघायचं? लगेच आळीत साखर वाटली आणि पौडला होकार कळवला. साखर वाटताना रत्ना रडत होती. लग्न ठरलं की पोरी रडतातच.

२५ जानेवारी

इंजिन बंद पडलं. भैरू म्हणतो आतलं काहीतरी बिघडलं आहे, काय ते सांगता येत नाही. दिवसभर नुसता बघत बसतो. इंजिनाकडे नव्हे, ओढ्याकडे. पाणी प्यायलाही येत नाही.

रत्ना जेवत नाही. भाकरी मोडते आणि तशीच ठेवते. मी रंभाबाईला म्हटलं, एकाच आठवड्यात इंजिन, पोरगी आणि भैरू तिघं आजारी, बाहेरचं काही झालं का बघ. लिंबू उतरवून टाकायला सांगितलं. तिने माझ्यावरूनच उतरवलं.

२ फेब्रुवारी

साखरपुडा येत्या पंधरवड्यात. पौडहून बरीच मंडळी येणार आहेत, कचेरीतला कारकूनही आहे त्यांच्यात.

आज एक नवलच घडलं. माझं भाषण म्हटलं की रंभाबाईला आजवर कपाळशूळ उठायचा. आज तीच आपणहून म्हणाली, "तुमी चार लोकांत बोला. जावयाचं गुण सांगा. अन् पोरगी त्येनला काय म्हनली, त्ये बी सांगा. तिच्याच शबुदांत सांगा." मी म्हटलं, पोरीचं बोलणं चारचौघांत कसं सांगावं, रिवाज नाही. ती म्हणाली, आता काय जुना जमाना राहिला का, पोरीची पसंती ऐकून नथूरावांना किती बरं वाटेल. बाई बदलली. गिरणीमुळे घरात नवे विचार आले असं म्हणायला हरकत नाही. भाषण पाठ करायला घेतलं आहे. ती चुलीपाशी बसून ऐकते आणि तो शब्द हळू आला की म्हणते, "जरा मोट्यानं."

१५ फेब्रुवारी

कसं लिहावं कळत नाही. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दारात मांडव, पाहुणे बैठकीवर, मधोमध नथूराव, गळ्यात सोन्याची साखळी. अल्लाबक्षही आला होता. ओटी भरायच्या आधी मी उभा राहिलो. आवाज चांगला लागला होता. म्हटलं, मंडळी, आजवर माल्यात एकच कंडम वस्तू होती, ती म्हणजे माझं इंजिन. आज दुसरी आली, ती म्हणजे माझे जावई. आमच्या गावाकडची मंडळी टाळ्या वाजवू लागली. पौडच्या बाजूला कोणी हललं नाही. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. म्हणून आवाज चढवला.

"नथूरावांवानी कंडम मानूस पौडात दुसरा दावा. हे मी म्हनत न्हाई, माजी लेक म्हनती. मी तिला इचारलं, पाव्हणं कसं वाटलं. ती म्हनली, आबा, पार कंडम हायेत."

कचेरीतल्या कारकुनाने उपरण्यात तोंड खुपसलं. तरी त्यातून आवाज यायचा तो आलाच. मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या मागचा. नथूराव माझ्याकडे बघत होते. दम घेऊन म्हणाले, "पोरगी आसं म्हनली?"

मी म्हटलं, स्वतःच्या तोंडाने.

नथूराव उठले. उठताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. पागोटं सारखं केलं आणि चालू लागले. मी मागे धावलो, म्हटलं, भाषणात काही कमी-जास्त झालं का, सांगा, दुरुस्त करतो. ते गाडीत चढले आणि बैल उधळतील असे शब्द बोलले. ते वहीत लिहीत नाही.

घरात आलो तर रंभाबाई साखर शांतपणे डब्यात परत भरत होती. पुडे तिने बांधलेच नव्हते.

१६ फेब्रुवारी

अल्लाबक्ष काल मुक्कामाला थांबला. पाहुणे पांगल्यावर मला ओढ्याच्या कडेला घेऊन गेला आणि सांगितलं.

कंडम म्हणजे मोडीत काढलेलं. वापरून संपलेलं, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं, फेकून द्यायचं. सरकारी साहेब येतो, गाडी बघतो, टेबल बघतो, पूल बघतो, आणि कामाचं नाही असं वाटलं की हा शब्द मारतो. तुरुंगात फाशीचा कैदी असतो त्यालाही हाच शब्द. अशी कंपनी विलायतेत नाही, कुठेच नाही. मी विचारलं, मग मला पाटी काढताना का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "तुमच्यात पोरगं जगावं म्हनून धोंड्या, भिक्या नाव ठिवत्यात न्हवं? मला वाटलं, इंजान जगावं, नजर लागू नये, म्हनून तू त्येचं नाव कंडम ठिवलंस. म्हटलं, कुशाबा दिसतो त्येवढा येडा न्हाई."

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

रात्रभर सगळं उलटं फिरत होतं. भिकूचं खोंड. साहेबाचं छप्पर. ठेकेदाराच्या कारकुनाने हलवलेला माझा हात. गावभर लोक एकमेकांना कंडम म्हणत होते ते. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका गोष्टीवर हसू येईना. मी माझ्या पोरीला समोर बसवून विचारलं, तिने मला उत्तर दिलं, पुन्हा विचारलं, तिने तेच उत्तर पुन्हा दिलं. आणि मी उठून साखर वाटली. ती रडत होती तेव्हा मी साखर वाटत होतो. मला माझीच लाज वाटते.

सकाळी तिच्याजवळ गेलो. ती गोठ्यात शेण भरत होती. विचारलं, तुला अर्थ माहीत होता? तिने मान डोलावली. भैरूने पहिल्याच दिवशी सांगितला होता म्हणे. मग मला सरळ नको का म्हणाली नाहीस? तिने शेणाची पाटी खाली ठेवली.

"तुमी लई खुशीत व्हता, आबा. न्हाई म्हनायचं धाडस झालं न्हाई. अन् खोटं बी बोलवंना. त्यो शबुद दोनी बाजूनं चालत व्हता."

मी तिथेच गोठ्यात बसलो. धोतर खराब झालं.

रंभाबाईला यातलं काही माहीत नसणार. बिचारीने सरळ मनाने भाषण करायला सांगितलं आणि हे घडलं. तिला फार टोचू नये म्हणून मी विषय काढला नाही.

२० फेब्रुवारी

इंजिन कालपासून आपोआप सुरू झालं. भैरू म्हणतो, आत कचरा अडकला होता तो निघाला.

मी पाटी उतरवायला शिडी लावली तर दळणाला आलेल्या बायकांनी शिडीच धरली. त्यांना अर्थ सांगितला. वाटलं, संतापतील. धोंडाबाई म्हणाली, "पौडात काय म्हंजी आसंल त्ये आसू द्या. हितं कंडम म्हंजी चांगलं. पीठ आमी खातुया, त्ये कारकून खात्यात का?" बाकीच्यांनी तीच री ओढली. मग मीही अल्लाबक्षचं धोंड्या-भिक्याचं बोलणं माझं म्हणून सांगून टाकलं, की नजर लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलं होतं हे नाव. बायकांना ते पटलं. रंभाबाईने माझ्याकडे बघितलं.

भैरूला मात्र खडसावलं. म्हटलं, तुला माहीत होतं आणि तू मला गावापुढे बोलू दिलंस. तो मान खाली घालून पट्ट्याला तेल लावत होता. म्हणाला, "मामा, सांगाया आलो व्हतो. पर तुमी नारळ हातात घिऊन असं हुबं व्हता, जसं काय देवच भेटलाय. माज्यानं बोलवलं न्हाई." यावर काय रागवायचं?

८ मार्च

आज सारजाबाई आली. डोंगर उतरून, दुरडीत घरचे तांदूळ घेऊन. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग पदर सारखा करून म्हणाली की दादा, भैरूसाठी रत्नाला मागायला आले. तो गिरणीत होता, इंजिन चालू होतं, पण त्या बाईच्या तोंडून शब्द निघाला आणि इंजिन बंद झालं. भैरू आत काहीतरी शोधू लागला.

मला हे सुचलंच नव्हतं. एक खाचर, डोंगरातलं घर, दाराशी आड नाही, हेच आधी मनात आलं. नाही म्हणणारच होतो. मग स्वतःला आवरलं. म्हटलं, एकदा तोंडघशी पडलास, कुशाबा, आता विचार, आणि जे सांगेल ते ऐक.

आत गेलो. रत्ना भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, पोरी, खरं सांग. भैरू तुला कसा वाटतो? एकाच बाजूने चालणारा शब्द पाहिजे, इंग्रजी नको.

तिने भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला.

"बरा हाय."

मी वाट पाहत उभा राहिलो. तिने भाकरी उलटली. आणखी काही आलं नाही.

मी हिरमुसलो. आयुष्य काढायचं ज्याच्याबरोबर तो नुसता बरा? हवेला आपण बरी म्हणतो, ताकाला बरं म्हणतो. पुन्हा पोर भिडेने बोलते आहे आणि पुन्हा मी चूक करणार, असं वाटलं. मागच्या दारी रंभाबाई राखेने हंडा घासत होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, पोरीच्या मनात नाही असं दिसतं, नुसतं बरा म्हणते, सारजाबाईला नाही म्हणून सांगतो, भले ती रागावली तरी चालेल.

रंभाबाईने हात थांबवला नाही.

"आता बरा म्हंजी काय, त्ये बी अल्लाबक्षला इचारून येता का?"

मी म्हटलं, थट्टा नको, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

तिने हंडा आडवा केला आणि आतून घासू लागली. तोंड हंड्याकडेच होतं.

"माज्या आईनं मला इचारलं व्हतं. तुमी बघून गेल्यावर. म्हनली, कसा वाटला गं?"

हे मला कधीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी म्हटलं, मग तू काय म्हणालीस?

"बरा हाय, म्हनलं."

"अन् आता?"

"आता बी त्येच."

ती हंडा घासत राहिली. मी बाजूची कळशी उचलून तिच्या हातावर पाणी घातलं. मग पुढच्या दारी गेलो आणि सारजाबाईला सांगितलं, पोरगी दिली.